पहिल्या रांगेतली झोप

माझ्या पीएच.डी.चा विषय थकवा होता. माणसं रोजच्या जगण्यात दमतात तेव्हा ते दमणं त्यांना कसं जाणवतं, ती त्याला काय म्हणतात, कुणाला सांगतात, कुणापासून लपवतात, असा. विषय मीच निवडला होता आणि पहिली दोन वर्षं मला त्याचा अभिमानही होता. आता कुणी विचारलं तर मी समाजशास्त्रात केलं एवढंच सांगते. विषयाचं नाव उच्चारलं की जिभेवर काहीतरी आंबल्यासारखं होतं.

मी हुबळीच्या एका कॉलेजात अतिथी व्याख्याता होते. राहायला धारवाडला, आईजवळ. आई शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झालेली. आमचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, धारवाडातच होते. कष्टकऱ्यांवरच्या अभ्यासात त्यांचं मोठं नाव होतं. मी प्रकरण घेऊन गेले की ते माझे कागद मांडीवर घेऊन भाजलेल्या शेंगा सोलत बसायचे. फोलपटं कागदावर पडायची, ती ते तळहातानं झाडायचे आणि त्याच हाताचं बोट जिभेला लावून पान उलटायचे. घरी आल्यावर मी ती पानं फडक्यानं पुसायची. त्या वेळी मला याचं विशेष काही वाटत नव्हतं. मोठी माणसं अशीच असतात असं मी धरून चालले होते.

सरांनी मला एक प्रश्नावली दिली होती. सकाळी उठल्यावर दमल्यासारखं वाटतं का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. असे बरेच प्रश्न. ती घेऊन मी हुबळीच्या कमरीपेठेत हिंडत होते, तिथं अक्का भेटली.

अक्का पन्नाशीची असेल. माहेर अळणावरकडच्या एका खेड्यात, घरी मराठी, लग्न होऊन हुबळीला आलेली. नवरा वारलेला, मुलगा एका गॅरेजात, सून घरात. अक्का घरी बसून मिरच्यांचे देठ खुडायची. व्यापाऱ्याकडून वाळल्या लाल मिरच्यांची पोती यायची, ती दारातल्या ताडपत्रीवर ओतायची, एकेक मिरची उचलून देठ मोडायचा आणि मिरची एका बाजूला, देठ दुसऱ्या बाजूला. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. त्या खोलीत पाय टाकला की मला शिंका सुटायच्या आणि घसा चरचरायचा. तिला काही व्हायचं नाही. फक्त डोळे कायम लाल असायचे, आणि बोटांची टोकं चिरलेली.

मी पहिला प्रश्न वाचला. सकाळी उठल्यावर दमल्यासारखं वाटतं का?

अक्कानं हात न थांबवता विचार केला. "उठलं की काम असतंय, बाई," ती म्हणाली. "दमलंय का ते बघायला जरा थांबायला पायजे. थांबलं तर कळंल की."

मी प्रश्नावलीवर कुठल्या रकान्यात खूण करावी ते मला कळेना. ते वाक्य मी तसंच लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सरांना वाचून दाखवलं. ते शेंगा सोलायचे थांबले. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि म्हणाले की प्रश्नावली बाजूला ठेव, या बाईकडे जात राहा, तिच्यावर एक अख्खं प्रकरण होईल.

मग मी जात राहिले. वर्षभर, आठवड्यातून एकदा तरी. कॉलेज सुटल्यावर जायची, म्हणजे अक्काच्या दिवसाच्या शेवटच्या तासांत. रेकॉर्डर मिरच्यांपासून लांब, एका उपड्या डब्यावर ठेवायची. सुरुवातीला ती मला बाई, तुम्ही, असं म्हणायची. दोनेक महिन्यांत ते तू झालं. सून चहा करायची. कधी सुनेची चेष्टा, कधी माहेरच्या गोष्टी, आणि मध्येमध्ये माझे प्रश्न. दमल्यावर अंगात कुठं कळतं, अक्का? कुणाला सांगता? ती म्हणायची की इथं कन्नडमध्ये ब्यासरा म्हणतात ते बरं, कंटाळा आला, जीव विटला, वाईट वाटलं, सगळं त्या एकाच शब्दात बसतंय, वेगळं करून सांगायला लागत नाही. मी तेही लिहून घेतलं. आम्ही दोघी खूप हसायचो त्या वर्षात. माझं हसणं मोठं आहे, लहानपणापासून त्यासाठी बोलणी खाल्लेली, आणि अक्काला ते आवडायचं. शेजारच्या गल्लीत कळतंय तू आलीस म्हणून, असं ती म्हणायची.

पुढच्या वर्षी सरांनी चर्चासत्र ठरवलं. दोन दिवसांचं, राष्ट्रीय, विषय श्रम आणि शरीर. एक दिवस मला बोलावून म्हणाले की त्या बाईला घेऊन ये. आपण तिच्याविषयी बोलणार आणि ती नाही, हे बरं दिसत नाही. तिचा सत्कार करू, दोन शब्द बोलू दे तिला. मला ते पटलं. मला तर ते फार मोठ्या मनाचं वाटलं.

अक्काला सांगितलं तेव्हा ती आधी नको म्हणाली, त्या दिवशीचं पोतं कोण करणार म्हणून. मग सुनेनं आग्रह केला. ठरलेल्या दिवशी मी तिला आणायला गेले तेव्हा ती पिवळी इरकल नेसून, केसांना तेल लावून तयार बसली होती. पोतं संपवायला ती रात्री दोनला उठली होती, हे सुनेनं मला जाताजाता सांगितलं. मी हो का म्हटलं. बसमध्ये अक्का खिडकीशी बसली आणि धारवाड येईपर्यंत टक्क जागी होती, बाहेर बघत.

सभागृह वातानुकूलित होतं. सरांच्या सांगण्यावरून तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, पाहुण्यांच्या गुबगुबीत खुर्चीत. मी तिच्या मागच्या रांगेत. दीपप्रज्वलन झालं, स्वागतं झाली, शाली आणि फळांच्या टोपल्या झाल्या, उद्घाटनाची तीन भाषणं झाली, सगळी इंग्रजीत. तिला एक अक्षर कळत नव्हतं. मी दोनदा पुढं वाकून तिच्या कानात सांगितलं, आता थोडंच राहिलंय. ती मान हलवायची.

सर बोलायला उभे राहिले तोवर बारा वाजून गेले होते. पडद्यावर त्यांनी तिचं वाक्य लावलं, इंग्रजीत, खाली तिचं नाव न देता. दमलंय का ते बघायला थांबायला पाहिजे. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांच्या नंतर कधीतरी अक्काची मान बाजूला कलली. हात मांडीवर उताणे पडले, लाल चिरलेल्या बोटांसकट. तोंड उघडलं. ती घोरतही होती, हलकं.

सरांनी ते बघितलं. बोलायचे थांबले, हसले आणि इंग्रजीत म्हणाले, मित्रहो, बघा, आपला डेटाच झोपला. यापेक्षा चांगला पुरावा मी तुम्हाला काय देऊ?

सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्चीत वळून तिच्याकडे बघत हसले. फोटो काढणारा माणूस धावत पुढं आला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. माझ्या शेजारी एक संशोधक विद्यार्थी होता, तो फोन वर धरून उभा राहिला. आणि मी हसले. मी नाइलाजानं हसले, किंवा ओशाळून हसले, असं मला लिहायला आवडेल. तसं नव्हतं. वाक्य जमलं होतं आणि मला त्याचं हसू आलं.

मग सरांनी मला खूण केली, सत्कारासाठी उठव. मी तिचा खांदा हलवला. ती दचकून उठली, हात आधी पुढं झाले, जसं काही समोर मिरच्याच आहेत, आणि म्हणाली, "झालं, झालं, संपवते." पुन्हा एकदा हशा. तिच्या अंगावर शाल घातली. माइक तोंडाशी धरला तेव्हा तिनं सगळ्यांना नमस्कार म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिली, पुढं काय करायचं असं. मी तिला खाली बसवलं.

जेवणाच्या वेळी अक्का एका कडेला प्लेट घेऊन उभी होती. इतक्या लोकांत उभ्यानं खायची तिला सवय नव्हती. टेबलांवर अर्ध्या खाल्लेल्या जिलब्या आणि भाताचे ढीग टाकलेल्या प्लेटा साचत होत्या. सर माझ्याकडे आले. तोंडात घास होता. पाकाच्या हातानं त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, तुझा प्रबंध आज झाला म्हणून समज. माझ्या ब्लाऊजवर पाठीमागे बोटांचे चिकट डाग पडले होते. ते मला घरी आल्यावर दिसले.

आई कोथिंबीर निवडत होती. मी तिला दिवसाचं सगळं सांगितलं, शाल, टाळ्या, सरांचं वाक्य. ते वाक्य सांगतानाही मी थोडीशी हसले असणार, कारण आईचा हात थांबला.

"तू हसलीस?" तिनं विचारलं.

"सगळेच हसले, आई."

"मी तुझं विचारतेय."

मी हो म्हटलं.  पुढचं मला सांगू नकोस, एवढं ती म्हणाली आणि पुन्हा कोथिंबिरीकडे वळली. मला तिचा राग आला. आईला चर्चासत्रं काय कळतात, असंही मनात आलं.

पुढच्या आठवड्यात मी कमरीपेठेत गेले तेव्हा अक्का नेहमीसारखी ताडपत्रीवर होती. मी विषय काढायच्या आत तीच बोलली.

"किती गार होतं गे तिथं. इतकी वर्षं झाली, अशी झोप न्हाई लागली मला. कशाला उठवलीस?"

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे तिला काही वाटलं नव्हतं, उलट आवडलं होतं. आणि मग मी जे केलं ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. मी पिशवीतून रेकॉर्डर काढला, डब्यावर ठेवला, चालू केला आणि म्हटलं, अक्का, ते पुन्हा एकदा म्हणा ना. तिनं म्हटलं. पहिल्यांदा म्हणाली तसं नाही, जरा शाळेतल्या मुलीसारखं, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, छान.

सुट्टी लागल्यावर मी सगळ्या मुलाखती उतरवून काढायला बसले. सकाळी आई देवळात गेली की कानात इअरफोन लावायचे आणि लिहायचं. वर्षभरात मी त्या पूर्ण अशा कधी ऐकल्या नव्हत्या. आता ऐकू आलं की अक्का बोलताबोलता जांभई देते आणि त्या जांभईवरच माझा पुढचा प्रश्न सुरू होतो. जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत. एकदा ती म्हणते, आज राहू दे, पोरी, डोकं चालत न्हाई. त्यावर माझा आवाज, गोड, ओलसर, सहानुभूतीनं भिजलेला, हो हो, दमला असाल, एकच प्रश्न. आणि मग पुढं पाऊण तास. एका ठिकाणी ती नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांविषयी बोलताना रडते, आणि मी हं, हं करत राहते. तो हं मी थांबवून पुन्हा ऐकला. भूक लागलेल्या माणसासमोर ताट यावं तसा तो होता. मी इअरफोन काढून टाकले. 

तरी मी ते प्रकरण पूर्ण केलं. पाच-सहा आठवडे लागले. सरांना दिलं. त्यांनी मान हलवून पसंती दिली.

प्रकरणाच्या कामात कमरीपेठेत जाणं राहिलं होतं. गेले तेव्हा दारात सून होती. तिनं मला आत ये म्हटलं नाही. आत्या झोपल्यात म्हणाली. आतून देठ मोडल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, थांबते मी. सून आत गेली आणि मी गल्लीत उभी राहिले, पाणी भरायला निघालेल्या बायका माझ्याकडे बघत जात होत्या. बऱ्याच वेळानं अक्का बाहेर आली. ताडपत्रीवर बस म्हणाली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली.

तो व्हिडिओ आला होता. माझ्या शेजारच्या विद्यार्थ्यानं काढलेला. कुणीतरी त्याला हसणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं जोडली होती, वर लिहिलं होतं, लेक्चर ऐकताना आमची अवस्था. तो फिरतफिरत सुनेच्या भावाच्या फोनवर आला होता, तिथून तिच्या माहेरी, तिथून इथं.

"तोंड उघडं हाय माझं त्यात," अक्का म्हणाली. "लाळ आलीया. सुनेच्या माहेरचे बघितले. तिचा बाप बघितला."

मी म्हटलं, अक्का, मला माहीत नव्हतं, मी त्या मुलाला काढायला सांगते. ते खरंही होतं, व्हिडिओचं मला माहीत नव्हतं.

"सुनेला मी परत परत लावायला सांगितलं," ती म्हणाली. "मला बघायचं होतं कोण कोण हसतंय. ते सायेब मोठ्यानं हसतात. आणि अगदी जवळ एक हसणं येतंय." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझं हसणं वळखते मी."

 माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण माझाच तो मुलाखतीतला ओलसर आवाज ऐकू येईल या भीतीनं ते मिटलं. शेवटी मी एवढंच विचारलं की मी काय करू.

"माझं काढ तुझ्या पुस्तकातनं," ती म्हणाली. "सगळं काढ. मी बोललेलं एक बी नको." मग ती आत गेली.

मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की भावनेच्या भरात असं करायचं नसतं. संमतीपत्रावर तिची सही आहे. होती. सुनेला ते तिला वाचून दाखवायला लावून मीच ती घेतली होती, आणि अक्कानं मोठ्या कष्टानं, जीभ दातात धरून आपलं नाव लिहिलं होतं. मी म्हटलं, सर, ती आता नको म्हणतेय. ते म्हणाले की ते प्रकरण काढलं तर तुझ्या प्रबंधात उरतं काय? ते खरं होतं. मग त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की त्या सामग्रीवर त्यांचा एक लेख एका नियतकालिकात स्वीकारलाही गेला आहे. अक्काचं वाक्य लेखाचं शीर्षक होतं. थँक्स म्हणून शेवटी माझं नाव घातलंय, म्हणाले.

मी विभागात तक्रार अर्ज दिला. समितीनं मला बोलावलं, संमतीपत्र मागितलं, बघितलं, आणि सगळं नियमात आहे असं कळवलं. एक सदस्य बाहेर पडताना मला म्हणाल्या की या वयात मार्गदर्शकाशी वाकडं घेऊ नये.

मी मार्गदर्शक बदलले. त्यात दोन वर्षं गेली. नव्या मॅडम निवृत्तीला आलेल्या होत्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, तुझ्याकडे काय आहे? मी म्हटलं, एक प्रश्नावली आहे. मग आम्ही तीच केली. देशपांडे नगरातल्या दवाखान्यांतल्या परिचारिका, दुकानांतल्या विक्रेत्या मुली. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. समोरचीला जांभई आली की मी उठायची. तक्ते झाले, प्रबंध झाला, कुणीही न वाचण्याजोगा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले की विषय जिवंत आहे, पण यात माणूस दिसत नाही. मी हो म्हटलं. पदवी मिळाली.

ते सांगायला मी कमरीपेठेत एकदा गेले. का गेले, माहीत नाही. तुमचं काढलं, अक्का, असं सांगायचं असेल. ती ताडपत्रीवर होती, केस जास्त पांढरे झालेले. तिनं सुनेला सांगून पाणी दिलं. बरं झालं, बाई, म्हणाली. तुम्ही बसा, म्हणाली. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. सरांचा लेख कुठंतरी छापून पडला आहे आणि त्याचं शीर्षक कुणालाही काढता येणार नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

यंदा दिवाळीच्या आधी मी सुभाष रोडवर आईसाठी साडी बघायला गेले होते. दुकानातून बाहेर पडताना सर समोर आले. म्हातारे झाले होते, सोबत नातवंडं होती. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. अगदी मनापासून. म्हणाले, पदवी झाल्याचं कळलं, फार आनंद झाला, तू माझीच विद्यार्थिनी. मी इतकी वर्षं त्यांना काय बोलायचं ते मनात तयार करत होते, शब्दांसकट. ते बोलायचं सोडून मी पिशवी डाव्या हातात घेतली आणि रस्त्यात, त्या गर्दीत, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नातवंडांना म्हणाले, बघा, संस्कार म्हणतात ते हे.

घरी येऊन मी तो हात साबणानं धुतला. आईनं साडी उलगडून काठ बघितला, रंग चांगला आहे म्हणाली, आणि मला काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, दमले.